दायात आलेली माणसे

हिंदू धर्मशास्त्रात वारशाने मिळणाऱ्या संपत्तीला 'दाय' म्हणतात. शेत, घर, गुरे, दागिने यांच्या पंक्तीला या दायात माणसेही बसवलेली आहेत. नारदस्मृतीने दासांचे पंधरा प्रकार सांगितले. घरच्या दासीच्या पोटी जन्मलेला, विकत घेतलेला, दानात मिळालेला, दुष्काळात पोसलेला, कर्जापायी अडकलेला, लढाईत जिंकलेला अशी ही यादी आहे, आणि तिच्यात चौथ्याच जागी 'दायादुपागत' म्हणजे वाडवडिलांकडून वारशाने आलेला दास येतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, अकराव्या आणि बाराव्या शतकांच्या सांध्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. पुढे आठशे वर्षे महाराष्ट्रातील वाटण्यांचे वाद बहुतांशी याच ग्रंथाच्या आधारे तुटले. वाटणीत दासींचे काय करायचे हा प्रश्न त्याने अगदी व्यवहारी पद्धतीने सोडवला आहे. दासी भावांच्या संख्येत बरोबर बसत असतील तर वाटून घ्याव्यात. विषम असतील तर त्यांची किंमत ठरवून रक्कम वाटू नये, त्यांच्याकडून प्रत्येक भावाने पाळीपाळीने काम करून घ्यावे. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागतात तशीच ही तजवीज.

बापाने स्वतःच्या उपभोगासाठी ठेवलेल्या बायका मात्र संख्येने जुळत असल्या तरी मुलांनी वाटून घेऊ नयेत, असेही तेथेच सांगितले आहे. या निर्बंधात दासीची कणव शोधण्याचे कारण नाही. मुलांच्या हातून मातृगमनासारखे पाप घडू नये, एवढीच त्यामागची चिंता.

दासीच्या पोटी मालकाला झालेल्या मुलाबाबत याज्ञवल्क्याचा नियम वर्णाप्रमाणे बदलतो. बाप त्रैवर्णिक असेल तर असा मुलगा आज्ञाधारक राहिल्यास पोटापुरते अन्नवस्त्र मिळवतो, वारस होत नाही. बाप शूद्र असेल तर हयातीत तो आपल्या मर्जीने मुलाला वाटा देऊ शकतो. बापाच्या पश्चात औरस भावांनी त्याला अर्धा वाटा द्यायचा असतो. औरस मुलगा किंवा मुलीचा मुलगा यांपैकी कोणीच नसेल तर सगळी इस्टेट त्याची होते. ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी बहुसंख्य मराठी शेतकरी जातींना शूद्रांत गणले, त्यामुळे हा पोथीतला नियम थेट सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला. ती कथा पुढे येईल.

माणूस आणि जमीन यांना वारशाच्या एकाच खात्यात मांडण्याची रीत भारतापुरती नव्हती. अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीने १६६२ मध्ये कायदा केला की मूल आईच्या मागे जाईल. आई गुलाम तर मूलही गुलाम, बाप कोणी का असेना. १७०५ मध्ये त्याच वसाहतीने वारसाच्या कामापुरते गुलामांना स्थावर मिळकत ठरवले. तंबाखूच्या मळ्याचा मालक मृत्युपत्र न करता वारला, की जमिनीच्या वारसाकडे ती कसणारी माणसेही जाऊ लागली. मळेवाल्याच्या दृष्टीने ही सोयच होती. मजुराविना जमीन म्हणजे नुसते रान.

दख्खनमध्ये मालक वारला की गुलामाचे भवितव्य मालकाच्या घरातल्यांच्या हाती जाई. मलिक अंबर याचे सर्वांत ठळक उदाहरण. इथिओपियात जन्मलेल्या आणि अनेकदा विकल्या गेलेल्या या मुलाला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने विकत घेतले. चंगीजखान स्वतःही पूर्वीचा हबशी गुलामच. तो मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले आणि पुढे त्याच अंबरने निजामशाहीची सूत्रे हाती घेऊन मोगलांना पंचवीस वर्षे झुंजवले. १६२६ मध्ये तो वारला तेव्हा त्याची सत्ता त्याचा मुलगा फत्तेखान याच्याकडे गेली. लष्करी गुलामगिरीत अशी उडी शक्य होती. घरकामाच्या आणि शेताच्या गुलामीत ती जवळजवळ अशक्यच.

मराठी मुलखात युरोपीय जमीनदार घराण्यांची व्यवस्था खऱ्या अर्थाने रुजली ती वसईच्या पट्ट्यात. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि त्यांच्या उत्तर प्रांतातील गावेच्या गावे फिदाल्गो म्हणजे सरदार मंडळींना ठरावीक खंडावर लावून देण्यात आली. पट्टा बहुधा तीन पिढ्यांचा असे. पोर्तुगीज राजाला तिकडे आपली माणसे टिकवायची होती, म्हणून कित्येक गावे मुलींच्या नावे झाली. अट एवढीच की तिने पोर्तुगीज माणसाशी लग्न करावे. अशा रीतीने गाव लेकीबरोबर हुंड्यासारखे फिरे. इंग्रजांनी १६६५ मध्ये मुंबई ताब्यात घेतली तेव्हा बेटावरची सर्वांत मोठी जमीनदारीण दोना इनेस द मिरांदा ही विधवाच होती. या घराण्यांच्या पदरी मोझांबिकहून आणलेले आफ्रिकी गुलाम असत आणि मिळकतीबरोबर तेही पुढच्या पिढीकडे जात. १७३९ मध्ये चिमाजीअप्पाने वसई जिंकली आणि ही पट्टेदारी संपली. गुलामगिरी संपली असे मात्र मुळीच नाही.

तसे पाहिले तर मराठी राज्यकर्त्यांपैकी एकाने हा व्यापार उघडपणे रोखला होता. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात बजावले की मुसलमानी अमलात तुम्हाला माणसे खरेदी-विक्रीची मोकळीक असली तरी माझ्या मुलखात ती चालणार नाही. पेशवाईत हा दंडक पुढे चालला असे कागदपत्रांवरून दिसत नाही. अठराव्या शतकाच्या दप्तरात कुणबीण आणि बटीक हे शब्द सारखे भेटतात. येथे कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, घरात किंवा सरकारात ठेवलेली गुलाम स्त्री. किल्ले, कोठ्या, पागा, थट्ट्या अशा सरकारी कारखान्यांत या बायका दळणकांडण, शेणगोठा, सारवण, वाहतूक ही कामे करीत. त्यांची खरेदी-विक्री होई आणि सरकारला त्यावर करही मिळे. त्या बक्षीस दिल्या जात, आंदण म्हणून लेकीबरोबर जात. पळून गेलेली कुणबीण मालकाला परत मिळवून देणे हे सरकारचे काम समजले जाई. म्हातारपणी तिला सोडायचे तर कधी पैसे, कधी बदली बाई मागितली जाई.

कुणबिणी येत कोठून? लढाईत धरून आणलेल्या, दुष्काळात आईबापांनी विकलेल्या, परमुलखातून व्यापाऱ्यांनी आणलेल्या अशा बायका होत्याच. यांखेरीज एक वाट खुद्द न्यायासनाकडून जात होती. शिंदळकीच्या आरोपाखाली धरलेल्या बाईला सरकारजमा करून कारखान्यात पाठवण्याचे दाखले पेशवे दप्तरात आहेत. अशा रीतीने शिक्षा सुनावणारे सरकार त्याच बाईचे मालक होऊन बसे. विकत घेताना तिची जात विचारली जाई, कारण ब्राह्मणाच्या घरात पाणी भरायला आणि भांड्याला हात लावायला जात चालणारी हवी. बाजारात माणूस मिळे, पण पंक्तीचा विचार सुटत नसे.

नाशिकच्या आसपास पेशवे घराण्याची मोठी माणसे राहत. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई राजकारणातून बाहेर पडल्यावर गंगापुरास राहिल्या आणि १७८८ मध्ये नाशकातच वारल्या. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांचा शेवटचा काळ जवळच्याच आनंदवल्लीत गेला. अशा वाड्यांचा संसार कुणबिणींशिवाय चालत नसे. जहागीर, इनाम, वाडा, हुजरे आणि कुणबिणी हा एकच सरंजाम, आणि तो एका पिढीकडून दुसरीकडे जात असे. कुणबिणीचे मूल ज्याची कुणबीण त्याचे, हा हिशेब व्हर्जिनियाच्या कायद्याइतकाच सरळ होता.

मालकापासून झालेल्या मुलांना लेकावळे म्हणत. त्यांना घरात थारा मिळे, हातात तलवार किंवा हिशेबाची वही मिळे, क्वचित जमिनीचा तुकडाही मिळे. वतनाची वडीलकी, शिक्का, मान यांत त्यांना स्थान नसे आणि सोयरीक जमायची ती त्यांच्यासारख्यांतच. दौलतीच्या वरच्या टोकाला मात्र तलवारीने हा नियम वाकवता येई. महादजी शिंदे हे राणोजींच्या लग्नाच्या नसलेल्या पत्नीचे पुत्र, म्हणून पानिपतानंतर त्यांचा वारसाहक्क वर्षानुवर्षे वादात राहिला. नाशिक जिल्ह्यातील चांदवड ज्यांच्या दौलतीत होते त्या होळकरांच्या घरी तर याहून मोठे नाट्य घडले. तुकोजीराव १७९७ मध्ये वारले. काशीराव आणि मल्हारराव हे औरस, यशवंतराव आणि विठोजी हे अनौरस. मल्हारराव पुण्यात मारले गेले, विठोजींना १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिले, आणि पुढच्या वर्षी हडपसरच्या लढाईत यशवंतरावांनी पुणे हादरवले. एवढे करूनही कारभार त्यांनी पुतण्याच्या, मल्हाररावांचा मुलगा खंडेराव याच्या नावाने चालवला. पुणे जिंकणाऱ्या सरदारालाही कागदावर औरस वारसाचे नाव लागत होते.

१८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद केली. तेव्हा मळेवाल्यांना मोबदला म्हणून दोन कोटी पौंड देण्यात आले. गुलामांना एक छदामही नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळला होता. हिंदुस्थानासाठी १८४३ चा पाचवा कायदा आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा गुलामगिरी गुन्हा ठरवत नाही. सरकार आणि न्यायालये यापुढे तिला ओळखणार नाहीत, एवढेच सांगतो. त्याचे तिसरे कलम वारसाविषयी आहे. एखाद्याने स्वकष्टाने, बक्षिसाने किंवा वारशाने मिळवलेली मालमत्ता, तो किंवा ज्याच्याकडून ती आली तो माणूस गुलाम होता या सबबीवर काढून घेता येणार नाही, असे ते म्हणते. मालकाच्या मालमत्तेतून गुलाम वजा झाला, पण मालकाच्या जमिनीत ज्याने आयुष्य घातले त्याला त्या जमिनीतील काही मिळेल असे कोणत्याच कलमात नव्हते. गुलाम बाळगणे हा गुन्हा झाला तो दंड संहितेने, १८६२ पासून.

नाशिकचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध यानंतरच आला, आणि तो आला झांझिबारमार्गे. ओमानचा सुलतान सय्यद सैद याने आपली राजधानी झांझिबारला हलवली आणि त्या बेटावर लवंगेचे मळे उभे राहिले. एका नारळामागे तीन लवंगा लावाव्यात, अशी त्याची सक्ती जमीनधारकांवर असे. मळ्यांसाठी आफ्रिकेच्या आतल्या भागातून दरवर्षी हजारो माणसे धरून आणली जात. १८५६ मध्ये सैद समुद्रावर वारला. त्याची छत्तीस मुले हयात होती आणि सगळी दासींच्या पोटची. इस्लामी कायद्यात मालकापासून झालेले दासीचे मूल जन्मतःच स्वतंत्र असते आणि बापाचा पुरा वारस होते. मालकाच्या मृत्यूनंतर त्या आईचीही सुटका होते. म्हणूनच सर्केशियन दासीची मुलगी सलमा हिला बापाकडून मळा मिळाला, पुढे आई वारल्यावर आणखी तीन मळे मिळाले. १८८६ मध्ये जर्मनीत एमिली रूएटे या नावाने तिने लिहिलेल्या आठवणींत हा सारा तपशील आहे. दासीची लेक मळ्यांची मालकीण होऊन गुलामांकडून काम घेत होती आणि तिला त्यात काही वावगे वाटत नव्हते. गुलामगिरीला पाठिंबा देणारी पानेही त्याच पुस्तकात आहेत.

सैदच्या दौलतीसाठी ओमानमधला मुलगा थुवैनी आणि झांझिबारमधला मजीद यांच्यात झगडा झाला. मुंबई सरकारने चौकशी केली आणि १८६१ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने निवाडा दिला: झांझिबार मजीदकडे, मस्कत थुवैनीकडे, आणि मजीदने भावाला दरसाल चाळीस हजार रियाल द्यावेत. मळेवाल्या घराण्याची वाटणी कलकत्त्याहून झाली. मळ्यांवर कर्ज कच्छी व्यापाऱ्यांचे. त्यांतील ब्रिटिश प्रजाजनांच्या ताब्यात असलेले गुलाम ब्रिटिश वकील रिग्बी याने याच सुमारास हजारोंच्या संख्येने मोकळे केले.

झांझिबारहून अरबस्तानाकडे गुलाम नेणारी गलबते इंग्रजी आरमार पकडी आणि त्यांवरची मुले पुष्कळदा मुंबईत उतरवली जात. पोलीस ती घरकामासाठी घरोघर देत किंवा मिशनांच्या हवाली करीत. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ पासून होते. विल्यम सॉल्टर प्राइस याने १८५४ मध्ये शहराच्या पश्चिमेला शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. १८६० पासून मुंबईतील आफ्रिकी मुले येथे ठेवण्यात येऊ लागली. सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिक्षण त्यांना मिळे. इतर बोलणे हिंदुस्थानीत आणि मराठीत. आपले गाव, आपली जमीन, आईबापांची नावे त्यांच्यापासून तुटली होती. नवी नावे मिळाली ती बाप्तिस्म्याची, आणि आडनावे कित्येकदा मिशनऱ्यांची: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. मळेवाला आपले आडनाव गुलामाला देई, पण त्या नावामागची इस्टेट देत नसे. शरणपुरात हेतू निराळा असला तरी व्यवहार त्याच वळणाचा झाला, हे नाकारता येत नाही.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आफ्रिकेतील आपल्या शेवटच्या प्रवासासाठी येथून नऊ तरुण निवडले. युरोपीय पत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणत. सगळ्यांचे त्याच्याशी पटले नाही आणि काही वाटेत सोडून गेले. १८७२ मध्ये दुसरी तुकडी त्याच्या मदतीला गेली. तिच्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार होते. १८७३ च्या मे महिन्यात चितांबो गावी लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचे काळीज झाडाखाली पुरले गेले. प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरे कोरली ती जेकब वेनराइटने, नाशकात शिकलेल्या हातांनी. सुकवलेले शव घेऊन त्याचे जुने सोबती सुसी आणि चुमा व हे सगळे महिनोन्‌महिने चालत किनाऱ्याला पोहोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले त्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता.

मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या शिष्टाईनंतर १८७३ मध्ये सुलतान बर्घशने झांझिबारचा गुलामबाजार बंद केला. पुढे मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी वसाहत काढायचे ठरले, तिला फ्रिअरटाउन नाव दिले आणि उभारणीला पुन्हा प्राइसलाच पाठवले. शरणपूर आणि मुंबई येथील सुमारे दीडशे आफ्रिकी तिकडे हलवण्यात आले. तेथे ते 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून ओळखले जात. शिक्षक, सुतार, दुभाषे, धर्मोपदेशक ही कामे त्यांनी सांभाळली; पगार आणि मान मात्र गोऱ्यांपेक्षा कमी, त्यावरून तंटेही झाले.

त्यांच्यापैकी विल्यम जोन्स याची गोष्ट वारशाच्या प्रश्नाला थेट भिडते. लहानपणी गुलाम झालेला आणि नाशकात शिकलेला हा माणूस १८८५ मध्ये पाद्री झाला आणि रबाई येथील मिशन सांभाळू लागला. किनाऱ्यावरच्या अरब आणि स्वाहिली मळेवाल्यांचे गुलाम पळून रबाईच्या आसऱ्याला येत. मालक हत्यारे घेऊन त्यांच्या मागे येण्याच्या धमक्या देत. शेवटी पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश कंपनीच्या मॅकेन्झीने तोड काढली: सुमारे चौदाशे पळालेल्यांमागे माणशी पंचवीस डॉलर मालकांना दिले आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुटकेचे कागद वाटले. १८३३ चाच कित्ता. पैसे मालकाला, कागद गुलामाला. झांझिबारमध्ये गुलामीची कायदेशीर मान्यता १८९७ मध्ये गेली, पण मळेवाल्यांच्या घरातल्या दासींना त्यातून वगळले. त्यांची पाळी १९०९ मध्ये आली.

इकडे मुंबई हायकोर्टात याज्ञवल्क्याचा अर्धा वाटा पुन्हा चर्चेला आला होता. कायद्याने दासी उरली नाही, मग दासीपुत्र कोण? १८७५ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने कडक अर्थ लावला: दासी म्हणजे गुलाम स्त्री, गुलाम उरले नाहीत, तर तिचा मुलगा म्हणून हक्क सांगणाराही उरला नाही. सुटकेच्या कायद्याने वारशाचा दरवाजाच लावून टाकला. मुंबईने त्याच सुमारास राही विरुद्ध गोविंद या खटल्यात वेगळी वाट धरली. शूद्राने कायम ठेवलेली, दुसऱ्याची बायको नसलेली स्त्री ही दासीच्या जागी धरावी आणि तिच्या मुलाला दासीपुत्राचे हक्क मिळावेत. परस्त्रीपासून झालेल्या मुलाला नाहीत. तीन वर्षांनी सादू विरुद्ध बायजा या खटल्यात पूर्णपीठ आणखी पुढे गेले. औरस भाऊ निपुत्रिक वारला, तेव्हा घरातील विधवांऐवजी सगळी मिळकत हयात राहिलेल्या दासीपुत्राकडे जाईल असा निर्णय झाला. पुढे प्रिव्ही कौन्सिलनेही हे तत्त्व उचलून धरले. मराठी मुलखातील ठेवलेल्या बाईच्या मुलाला जमिनीवर नाव लावता आले ते या दोन निकालांच्या बळावर. ब्राह्मणाच्या घरी जन्मलेल्या अशाच मुलाला मात्र पूर्वीप्रमाणे पोटगीच.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने सगळ्या जातींना एकच नियम लावला आणि दासीपुत्र हा वारस वगळला. विवाहबाह्य मूल हे आईचे नातेवाईक समजले जाईल, बापाचे नाही. अवैध ठरलेल्या लग्नांतील मुलांना हिंदू विवाह कायद्याच्या सोळाव्या कलमाने संरक्षण आहे. अशा मुलांना आईबापांच्या स्वकष्टार्जित मिळकतीबरोबरच एकत्र कुटुंबात बापाच्या वाट्याला आलेल्या हिश्श्यातही भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्धप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या प्रकरणात ठरवले. पण लग्नाचा कोणताच विधी झाला नसेल आणि दीर्घ सहवासावरून लग्न गृहीत धरण्यासारखी स्थिती नसेल, तर मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या जमिनीत मुलाला आज काहीही मिळत नाही. शूद्राच्या दासीपुत्राला याज्ञवल्क्याने दिलेला अर्धा वाटाही नाही.